सदाफुलीने प्यालेला काढा

शोभाताईंचा काढा असा, की त्यात चमचा उभा ठेवला तर आडवं पडायला तो परवानगी मागायचा. गुळवेल, तुळस, मिरे, सुंठ. वास सुटला की गल्लीतल्या पाली सामान बांधायला घ्यायच्या. हा काढा रोज सकाळी पितळी पेल्यातून शेजारच्या बळीराम मेश्रामच्या दारी यायचा, आणि ताईंची पाठ फिरली की बळीराम तो खिडकीतल्या सदाफुलीला पाजायचा.

सदाफुली अशी माजली की वरच्या मजल्यावरची कबुतरं तिला विचारून उडायची. एका शेळीने तिचं एकच पान खाल्लं, तर ती कडवट तोंडाने थेट कामठीपर्यंत पळाली आणि परत येताना एसटीत बसून आली, असं बळीराम सांगायचा. त्याने उभी हयात उमरेडच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली होती. अर्ध्या तिकिटात पुरी गोष्ट सांगायची सवय तिथलीच. आता गाडी नव्हती, सवारी नव्हती. शेळीची गोष्ट तो सदाफुलीलाच सांगायचा. तिने ती कितीदा तरी ऐकली होती आणि एकदाही जांभई दिली नव्हती.

काढा त्याला मना होता. त्याच्या पोटात उजव्या बाजूला प्रेमिलाची किडनी होती. प्रेमिला म्हणजे त्याची बायको. आपल्या दोनांतली एक तिने काढून दिली आणि वर म्हणाली, “सांभाळून वापरा जी, वापस मांगीन.” वापस मागायला ती राहिली नाही. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच तिचं हृदय थांबलं. तिची लुगडी बहिणीकडे गेली, शिलाई मशीन भाचीने नेली. घरात तिचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते इमानेइतबारे काम करत होतं.

डॉक्टरबाईंनी त्याला समजावलं होतं. अंगात एक चौकीदार असतो. परकं काही दिसलं की लाठी उगारतो. इतकी वर्षं संसार झाला तरी त्या गाढवाला प्रेमिला परकीच. म्हणून सकाळी नऊला आणि रात्री नऊला गोळ्या, त्याला गुंगीत ठेवायला. वेळ चुकवायची नाही. एखादी राहिलीच तर दोन एकदम गिळायच्या नाहीत, फोन करायचा. आणि मला विचारल्याशिवाय काढा, चूर्ण, काही नाही. गुळवेल तर नाहीच, ती चौकीदाराला हलवून जागं करते.

हे शेजारणीला सांगायला असा किती वेळ लागतो? पण त्या दाराची कडी शोभाताईंशिवाय कोणी वाजवत नव्हतं. त्यांचे यजमान ओमप्रकाश गेल्यापासून ताईंच्या हाताला एका माणसापुरता काढा जमतच नव्हता. उरलेला पेला घेऊन त्या यायच्या, दारात उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलायच्या. काढा नको म्हटलं, की ती दोन वाक्यंही गेली.

एक दिवस मात्र त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या.

“चेहरा उतरून राहिला तुमचा, भाऊ. आज माह्यासमोर प्या.”

“गरम हाय, ताई.”

“फुका मंग.”

“एक डाव म्या जोरात फुकलं होतं, तं उमरेडची गाडी बिनाड्रायव्हरची निंघून...”

“गोष्टी नका सांगू. आमच्या घरच्यायनंबी अशीच टाळाटाळ केली. काढा नाई घेतला, आन गेले.”

बळीरामने पेला उचलला. कड ओठांना लागली, कडू वाफ नाकात शिरली. एका पेल्याने काय होते, असं तो मनात म्हणतो आहे, तोच टेबलावरचा मोबाईल बोलला:

“गोळी घेतली काय जी?”

आवाज प्रेमिलाचा होता. अलार्मच्या घंटीने हा उठत नाही म्हणून तिनेच तो मोबाईलमध्ये भरून ठेवला होता. दिवसातून दोनदा या घरात माणसाचा आवाज यायचा, तो हाच. शोभाताईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग मोबाईलकडे.

बळीरामने पेला खाली ठेवला.

“ताई, तुमचा काढा म्या एक दिवसबी नाई पेला.” आणि त्याने किडनी, चौकीदार, गुळवेल, सगळं सांगितलं. शेळी न घालता सांगितलेली त्याची ही बहुधा पहिलीच गोष्ट.

“मंग इतके दिवस काढा गेला कुठं?”

“सदाफुलीले पाजला.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“तुमी येनं बंद केलं असतं.”

ताईंनी पेला उचलला, पदर सावरला आणि त्या गेल्या. बळीरामने गोळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नऊ वाजले की मोबाईल विचारायचा, बळीराम “घेतली वं” म्हणायचा, आणि उत्तर न ऐकताच मोबाईल गप्प व्हायचा. मग उजव्या कुशीवर तळवा ठेवून तो किडनीला शेळीची गोष्ट सांगत बसायचा. कडीकडे त्याचा एक कान असायचाच.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी त्याने आधी गोळ्या घेतल्या आणि मग कुंडी उचलून थेट शोभाताईंची कडी वाजवली.

“ताई, हिले लत लागली तुमच्या काढ्याची. रातभर खोकून राहिली. सुकून चालली बिचारी.”

शोभाताईंनी कुंडी निरखून पाहिली. सदाफुली हिरवीगार होती, फुलांनी लगडलेली. एक पान पिवळं म्हणून नव्हतं.

“हे सुकून राहिलं?”

“आतून, ताई.”

ताई आत गेल्या, ओट्यावर निवत ठेवलेला दुसरा पेला घेऊन आल्या आणि आपल्या हाताने तो कुंडीत ओतला. थेंब न थेंब झाडल्यावर, मान वर न करता, त्यांनी विचारलं,

“गोळी घेतली काय, भाऊ?”

“घेतली,” असं सवयीने म्हणून बळीराम गप्प होणार होता. पण त्याच्या लक्षात आलं, की या वेळी विचारणारी उत्तर ऐकायला थांबली आहे.