मापावर मूठभर

दिग्रसच्या बाजारात उत्तमसिंगांनी उभा जन्म धान्य विकलं, आणि माप भरल्यावर वरून मूठभर टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाची पिशवी कधी बांधली नाही. त्याच हातानं त्यांनी मुलीच्या मालाच्या पेटीतही मूठभर टाकलं.

मुलगी संगीता लेथचं वर्कशॉप चालवायची. नागपूरच्या एका कंपनीसाठी तिनं विमानाचे स्पेसर केले होते, बोटाच्या पेराएवढ्या पोलादी नळ्या. मापात न बसलेले नग ती लाल डब्यात टाकी. ते चकचकीत नग वाया जाताना उत्तमसिंगांना बघवत नव्हते.

सकाळी कंपनीचा फोन आला. "मॅडम, पेटीत नग जास्त आहेत. कुठून आले?"

संगीतानं लाल डबा पाहिला. रिकामा. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "बा, याच्यातले नग कुठं गेले?"

"पेटीत टाकले. पयलीच खेप, गिऱ्हाईक खूश होईन म्हटलं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"दोन पत्र्यांच्या मंधात हे बसते, बा. बोल्ट आवळला का सारा दाब याच्यावर. केसभर आखूड पडलं तं फट राह्यते, पत्रा वाकते, बोल्टाची पकड जाते. मंग वर उडताना थरथरून तिथंच चीर पडते. आत माणसं बसून राह्यते, बा."

मग फोनवर ती शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. बाद नग पेटीत मिसळले, अख्खी पेटी परत पाठवा."

"बाद माल उघडा ठेवता? पुढचं काम तुम्हाला द्यावं की नाही, विचार करावा लागेल."

"हो साहेब. लक्ष नव्हतं माझं."

 उत्तमसिंगांच्या मापावर बाजारात कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज पोरगी त्यांच्यापायी मान खाली घालून ऐकून घेत होती. तोंड उघडायला हवं होतं.  फोन बंद झाला.

"बस बा. च्या मांडते."

"त्याले फोन लाव."

"आता कायले? तुले काही बोलला तं मले आयकवणार नाही."

"लाव म्हटलं."

तिनं लावला. उत्तमसिंगांनी टोपी काढून काखेत धरली.

"मी संगीताचा बाप बोलून राह्यलो साहेब. ते नग मी टाकले."  संगीताकडे बघणं त्यांना जमेना. "पोरगी नाही म्हणन, हे मले मालूम होतं. म्हणूनच तिले इचारलं नाही."