मागची बाद, पुढची मोकळी

"पाय?" पहिल्या बेसवरून चेंडू फेकताना शिवकन्या ओरडली.

"बेसवर!" दुसऱ्या बेसवरून थोरल्या बहिणीनं, सायलीनं, चेंडू झेलत उत्तर दिलं आणि हात वर केला. धावणाऱ्या दोघी बाद झाल्या असं समजून सायली बाईसाहेब खूश!

"ताई, टॅग कर! अंगाला लाव!"

तोवर धावणारी पोरगी घसरत बेसवर आली होती. पंचांनी हात पसरले. नाबाद.

बेसबॉलचा हा नियम काही अवघड नाही. मागून दुसरी येत असेल, तर पुढचीला जागा सोडून पळावंच लागतं. मग समोरच्या बेसवर नुसता पाय ठेवला तरी ती बाद. पण मागची आधीच बाद झाली, की पुढचीवरची सक्ती संपते. तिच्या अंगाला चेंडू लावावाच लागतो. शिवकन्येनं मागचीला आधी बाद केलं होतं, आणि सवयीनं हाक मात्र नेहमीचीच दिली. सायलीनंही सवयीनंच उत्तर दिलं. गंगापूरच्या अंगणात धाकटीला हा नियम शिकवला कुणी? हिनंच! काय म्हणावं आता?

पुढच्याच फटक्यावर ती पोरगी धाव घेऊन गेली आणि निवडीचा सामना हातचा गेला. राज्य संघाच्या यादीत दोघींचं नाव नव्हतं.

"यंदा नाव आलं तर खेळाच्या कोट्यातून नोकरी बघ, नाय तर लगीन," असं वडिलांनी, नानासाहेबांनी, सायलीला आधीच बजावलं होतं. धाकटी मागं उभी हाय, हे तर ती चार वर्षं ऐकत होती. तिला आणखी एकच वर्ष हवं होतं.

एसटीत शिवकन्या म्हणाली, "हाक माझी चुकली. मी आधी करते लगीन. मागची बाद झाली की तुझ्यावर सक्ती नाय."

"येडी झाली का तू?" म्हणता म्हणता सायलीला रडू कोसळलं.

पण धाकटी खरंच घरी तसं बोलली. नानासाहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"थोरलीच्या आधी धाकटीचं? लोक तोंडात शेण घालतील. सिल्लोडला दोघं सख्खे भाऊ हायत, लई चांगलं घर. एकाच मांडवात दोघींचं उरकू."

आई मनकर्णाबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

मांडवात दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, समोर अंतरपाट. मंगलाष्टकांच्या गलक्यात शिवकन्येनं मान न वळवता विचारलं, "पाय?"

"पाटावर," सायली म्हणाली.