हिरव्या तेलावरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी फ्रेंच गाडी आहे आणि सध्या माझं पोट जमिनीला टेकलेलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, टायर बसले असतील. टायर ठणठणीत आहेत, बसलेय ती मी. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं, आता तेही वाटत नाही. तेव्हा रडगाणं गात नाही, जे झालं ते सांगते.

इतर गाड्यांच्या पोटाखाली पोलादी स्प्रिंगा असतात. खड्डा आला की त्या आदळतात आणि आतला माणूसही आदळतो. मला घडवणाऱ्यांना साधं काम साधेपणानं करवेना. त्यांनी माझ्या प्रत्येक चाकापाशी हवाबंद लोखंडी गोळा बसवला आणि नळ्यांमधून दाबानं तेल खेळवलं. सुरू केलं की मी सावकाश उभी राहायची, बंद करून ठेवलं की हळूहळू खाली बसायची. खड्डा मला कळायचा, पण मी तो आत कळू देत नसे. बाकी माझं सगळं जगावेगळं. स्टेअरिंगला एकच दांडी आणि जादा चाक डिकीत नाही, बोनेटखाली. एकूण एक मिस्त्र्यानं बोनेट उघडून आत पाहिलं, "हिच्यात सरळ म्हणून एक गोष्ट नाही," असं म्हणून ते लावलं आणि चहा मागवला.

पहिल्या मालकानं मला मिरवलं, पुढच्यानं सोसलं आणि त्याच्या पुढच्यानं जुन्या गाड्यांच्या बाजारात आणून सोडलं. तिथं लोक माझ्याभोवती दोन फेऱ्या मारायचे, सीटवर बसून "वा, सोफाच की" म्हणायचे, आणि सुटे भाग कुठं मिळतात हे विचारून शेजारची साधी गाडी घेऊन जायचे. शहाणी माणसं होती ती. मला त्यांचा राग नाही.

मग चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. उंच, बारीक, बोलायला लागले की न थांबणारे. त्यांनी इंजिन पाहिलं नाही की रंग पाहिला नाही. ते मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे झाले, डोळे मिटले आणि विक्रेत्याला म्हणाले, आता जरा खड्ड्यांतून चालवा. विक्रेत्यानं मला बाजारामागच्या उखडलेल्या रस्त्यावरून फिरवलं. परत आलो तेव्हा मालक उठून बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

कारण असं, की त्यांची बायको जिन्यावरून पडली होती आणि तिच्या पाठीचे मणके दुखावले होते. घरात ती काठी घेऊन हिंडायची, पण कुठल्याही गाडीत बसली की पहिल्याच धक्क्याला कळवळायची. तिची आई डोंगरापलीकडच्या गावात, मुलाकडे राहायची. आईला विसर पडायला लागला होता. आपल्याला विसरायच्या आत आपण तिला भेटत राहावं, एवढंच या बाईचं मागणं होतं, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

हा दीर बस चालवायचा. आयुष्य गाड्यांत गेलेलं, त्यामुळे मला पाहून त्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून आणि दादा, फ्रेंच गाडी पाहावी घेऊन." सगळे हसले. वहिनीही हसली, पण ती तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

पुढची काही वर्षं दर रविवारी आम्ही डोंगर ओलांडला. वहिनी उशीला टेकून खिडकीबाहेर बघत यायची आणि पोचल्यावर काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत जायची. आई फाटकाशी येऊन मला बसताना बघायची. दमली हो बिचारी, पाणी द्या तिला, असं ती जावयाला दरवेळी सांगायची. माझं कौतुक करणारी तेवढी एकच होती, आणि तिला मी गाडी आहे की गाय, याची खात्री नव्हती.

खोटं कशाला बोलू, मी त्या घराला पिडलंही. माझी एक रबरी नळी मिळायला पावसाळा सरून थंडी आली. काच खाली गेली तर वर यायला राजी नसायची. साऱ्या शहरात मला हात लावणारा एकच म्हातारा मिस्त्री, आणि तो रुसला की आम्ही घरी. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, तशी माझी गत. पण मालकांना त्यातच गोडी लागली. जेवताना, गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना, कुणाच्या बारशाला गेले तरी ते माझ्या तेलाबद्दल बोलत. हिला फक्त हिरवं तेल लागतं, साधं ब्रेक ऑइल चुकून गेलं तर आतलं रबर फुगतं आणि कुजतं, गाडी कायमची बसते. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की घरात कुणाला ते ऐकूच येईनासं झालं. त्यांनी "हिरवं" म्हटलं की त्यांचा हा भाऊ वर्तमानपत्र उघडायचा आणि वहिनी भाजी निवडायला घ्यायची. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माणूस रोज एकाच सुरात बोलला की घरचे असंच करतात.

मग माझी एक नळी गळली. म्हाताऱ्या मिस्त्र्यानं ती बदलली, पण तेल बरंच वाहून गेलं होतं आणि नवा डबा बाहेरून यायचा होता. मी दारात पोट टेकून वाट बघत होते. त्यातच वहिनीच्या भावजयीचा फोन आला. आई खात नाही, पाणीही नको म्हणते, तुमचं नाव घेतेय, येऊन जा.

मालक तसेच उठून पार्सलच्या कचेरीत डबा आला का बघायला गेले. मालकांचा भाऊ बातमी ऐकून आला तर वहिनी तयार होऊन ओट्यावर बसलेली, काठी मांडीवर आडवी. त्याला ते बघवेना. त्यानं बोनेट उघडलं, तेलाची टाकी तळाला गेलेली दिसली, आणि बसच्या डेपोत आयुष्यभर जे केलं तेच त्यानं केलं. स्वतःच्या गाडीतली ब्रेक ऑइलची बाटली आणली आणि माझ्यात रिकामी केली. मग मला सुरू केलं. मी उठले. मला तेव्हाच आत काहीतरी बोचलं, पण मी उठले. भावानं वहिनीला अलगद आत बसवलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला घरात गेला.

तेवढ्यात मालक आले. त्यांच्या हातात हिरव्या तेलाचा डबा होता.

उभी राहिलेली मी त्यांना लांबूनच दिसली, मग ओट्यावरची रिकामी बाटली दिसली. त्यांनी डबा खाली ठेवला.  ते खिडकीपाशी वाकले आणि वहिनीला हळूच सगळं सांगितलं. आत्ता तेल काढून, सगळं धुऊन घेतलं तर कदाचित गाडी वाचेल, पण त्यात दोन-तीन दिवस जातील. आज नेली तर आज पोचवेल. पुढचं सांगता येत नाही.

वहिनीनं घराच्या दाराकडे पाहिलं. आतून नळाचा आवाज येत होता.

"भाऊजींना यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "गाडी काढा."

मी त्यांना पोचवलं. ब्रेक जड लागत होते आणि मालक घाटात अगदी सावकाश चालवत होते. आई पलंगावर होती. वहिनी जवळ बसली, तिनं चमच्यानं पाणी पाजलं, आणि आईनं ते घेतलं.

आणि मित्रांनो, आई बरी झाली. आठवड्याभरात उठून बसली आणि भात मागायला लागली. त्या आठवड्यात मी फाटकाशी उभी होते, ती एकदा बसले ते पुन्हा उठले नाही. मालकांनी हिरवं तेल ओतलं, म्हाताऱ्या मिस्त्र्याला एवढ्या लांब आणलं. त्यानं नळ्या सोडवून बघितल्या आणि हात पुसले. मी ट्रकवर चढून घरी आले. वहिनी दुसऱ्या गाडीतून, उशांमध्ये झोपून आली, आणि त्यानंतर किती तरी दिवस अंथरुणातून उठू शकली नाही. पुन्हा असा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

भाऊ अजून येतो. माझ्या टपावर हात ठेवून म्हणतो, म्हातारीच होती, कधीतरी जायचीच. वर हेही म्हणतो, "त्या दिवशी मी तेल घातलं, म्हणून तरी पोचलात." ती दोघं हो म्हणतात. ते खोटंही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी गाडी आवडली तर जरूर घ्या. हौसेला मोल नसतं. पण तिची एखादी नाजूक गोष्ट असेल, तर ती घरच्यांना एकदाच सांगा, आणि ऐकतील अशा वेळी सांगा. आणि दुसऱ्याच्या वस्तूत काही ओतायच्या आधी, घाई कितीही असो, त्याला विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

भंगारवाला मधूनमधून चौकशी करून जातो. मालक नको म्हणतात. त्याचं कारण रविवारी दिसतं. सकाळी ते वहिनीला धरून बाहेर आणतात, मी फार खाली असल्यामुळे तिला दोन्ही हातांनी तोलून मागच्या सीटवर बसवतात, आणि स्वतः पुढं स्टेअरिंगपाशी बसतात. मग वहिनी आईला फोन लावते. आईला आता वार कळत नाही, वर्ष कळत नाही, पण लेक यायची आहे एवढं कळतं.

"निघालीस का गं?" आई विचारते.

"निघाले आई. गाडीतच बसलेय."

"सावकाश या," आई म्हणते आणि समाधानानं फोन ठेवते. मालकांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात. फोन बंद झाल्यावरही ती दोघं बराच वेळ उतरत नाहीत.