चार ओगराळी पाणी

मी एक जुनी लाकडी बादली आहे. बादली म्हटल्यावर नाक मुरडू नका, मित्रांनो. माझा मुक्काम न्हाणीघरात नाही, सौनात आहे. सौना म्हणजे लाकडाने मढवलेली, कडक तापवलेली छोटी खोली. तिथल्या शेगडीवर दगड तापत असतात. माझ्यातले पाणी ओगराळ्याने त्यांच्यावर ओतले, की वाफेचा लोट उठतो. ट्रक चालवून आखडलेली, या घरच्या बाबांची कंबर त्या वाफेनेच सैल होते.

सौना बांधून झाल्यावर बाबांनी हौसेने रंगीत दिवे आणि गाणी वाजवणारा डबा आणला. आईने मात्र सुताराकडून मला करून घेतले. सोळा फळ्या, दोन लोखंडी पट्ट्या, खिळा एकही नाही. महिन्याभरात उष्णतेने डब्याची वाचा बसली, दिवेही गेले. मी राहिले. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला.

पुढे थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी आई दोन महिने तिच्याकडे गेली. "सगळं नीट सांभाळा," असे बाबांना बजावून गेली. एकट्याने कुठे बसायचे, म्हणून बाबांनी सौना बंद ठेवला. मला मात्र ते रोज पुसून उन्हात ठेवत. माझ्या फळ्या आक्रसल्या, पट्ट्या खुळखुळू लागल्या. आई येणार त्या दिवशी त्यांनी शेगडी पेटवली, मला भरले, आणि मी सगळे पाणी त्यांच्या पायांवर सोडले. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"गेली ही कामातून. सरपणाला होईल," म्हणत बाबांनी कुऱ्हाड उचलली. मी घाबरले. तेवढ्यात हातातली पिशवीही खाली न ठेवता आई आत आली.

"अहो, थांबा. तिला एवढी कोरडी कुणी केली?"

"मीच. रोज पुसायचो. सांभाळा म्हणालीस ना?"

आईला हसू आवरेना. "लाकूड आहे ते. तहानेनं उललीय बिचारी."

तिने पट्ट्या ठोकून घट्ट केल्या, मला हौदात बुडवून वर दगड ठेवला. दोन दिवस मी पोटभर पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला भरून बुडाखाली बोट फिरवले. बोट कोरडेच निघाले.

मित्रांनो, बाबांची माया खोटी नव्हती. पण कुणाला जपायचे तर आधी त्याला काय लागते, ते विचारावे. आता बाबा सौनातून निघताना माझ्यात चार ओगराळी पाणी ठेवतात. सौनासाठी काय काय घ्यावे, असे शेजारी विचारतात, तेव्हा ते माझ्या काठावर हात ठेवून सांगतात, "आधी अशी बादली घ्या. आणि तिला पुसू नका."