धाकटीचं डिझाइन

सकाळी अकरा वाजता चाचणीसाठी बोलावलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरने दवाखान्याच्या नव्या ॲपवर डॉक्टरांची वेळ घेतली. कुठेही न अडता, चष्मासुद्धा न लावता. डिझाइन धाकटीचं होतं.

चाचणी थोरली घेत होती. दोघी नात्याच्या नव्हत्या. ऑफिसातच ही नावं पडली होती आणि धाकटी तिला ताई म्हणायची. थोरलीचं डिझाइन ड्रायव्हरने आधी वापरून पाहिलं होतं. त्यात सगळं एकाच स्क्रीनवर होतं. तो दोनदा मागे फिरला होता आणि एवढ्या बटणांत गिअर कुठला, म्हणून हसला होता. दोन्हींतलं एकच दवाखान्याकडे जाणार होतं. जिचं जाईल, पुढचं सगळं काम तिच्या हाताखाली.

चाचणीत समोरच्याला काही सुचवायचं नाही, गप्प राहून बघायचं, हे थोरलीनेच धाकटीला शिकवलेलं. काचेपलीकडे धाकटी उभी होती. तिला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ड्रायव्हरने समाधानाने फोन खाली ठेवला तशी ती हरखली. थोरलीने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं.

"एका वेळी एकच प्रश्न," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "जरा कंटाळवाणं होतं, नाही? अजून किती राहिलंय तेही कळत नाही."

ड्रायव्हर भिडस्त माणूस. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आता तुम्ही म्हणताय तर... हो, तसं वाटलं खरं थोडं."

थोरलीने त्याचं उत्तर तेवढं टिपून घेतलं.

दुपारी बैठकीत साहेबांनी ते वाचून दाखवलं. वापरणाऱ्यालाच कंटाळा येत असेल तर प्रश्नच मिटला, म्हणाले. धाकटीला काही बोलायचंय का, असंही विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी थोरलीचं डिझाइन दवाखान्याकडे रवाना झालं. लोक घरी निघाले तेव्हा धाकटी थोरलीच्या टेबलापाशी आली. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"काचेतून बघताना मला वाटलं होतं, जमलं म्हणून. तुम्ही त्यांच्या मनातलं काढलंत, ताई. मी असते तर गप्पच बसले असते."

थोरली स्क्रीनकडे बघत राहिली.

"नेमकं काय विचारलंत हो त्यांना? उद्याची चाचणी साहेबांनी मला घ्यायला सांगितलीये. तसंच विचारेन म्हणते."

"सांगते," थोरली म्हणाली. "बस."

धाकटी बसली. थोरलीने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं.