नारिनच्या दवाखान्यातला रबरी रोगी

मित्रांनो, मी किर्गीझस्तानातल्या नारिन गावच्या एका दवाखान्यातला रबरी रोगी आहे, जुना आणि चांगलाच मुरलेला. मला साच्यातून काढलं तेच मुळी आजारी पडण्यासाठी. इंजेक्शनच्या खोलीत नर्सबाया सरावासाठी मला खुर्चीवर बसवतात, मी घसरून पडतो आणि त्या मला वाचवायला धावतात. आजवर शेकडो वेळा मेलो असेन, त्याचं काही वाटत नाही. पण मांडीची पार चाळणी झाल्यावर मला कोपऱ्यात टाकून दिलं, त्याचं फार वाईट वाटलं. झुराकानताई मुख्य नर्स झाल्या आणि त्यांनी मला पुन्हा कामाला लावलं.

"आज याचं नाव तोक्तोसून," त्या नव्या नर्सला, मेरिमला म्हणाल्या. "इंजेक्शन घेतलं, त्याची रिअॅक्शन आली आणि कोसळला. मार हाक!"

मेरिम लालबुंद झाली. ते तिच्या सासऱ्यांचं नाव, आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, मग समोर पुतळा का असेना.

"बाबा... अहो बाबा..." ती पुटपुटली.

"अगं, 'बाबा' म्हटलंस तर रांगेतले सगळे म्हातारे वळून बघतील. बेशुद्ध पडलाय तो तेवढा बघायचा नाही! आणि लाजतेस काय? टोच सुई मांडीत, विजारीवरूनच!"

महिनाभर मी रोज मेलो. तिचा हात बसला, आवाज मात्र फुटेना. ताई कपाळावर हात मारून घ्यायच्या. मला त्या पोरीची खात्री होती. ज्याच्या मांडीत सुई जाते त्याला हात कळतो.

एका सकाळी खुद्द तोक्तोसूनबाबाच खोकत आले. ताई वरच्या मजल्यावर होत्या. मेरिमने डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन टोचलं, आणि दोन मिनिटांत बाबा म्हणाले, "सूनबाई, अंगाला खाज सुटलीय गं." ओठ सुजले, आणि ते कलंडले.

तिने ताईंना हाक दिली, बाबांना खाली निजवलं, पाय स्टुलावर ठेवले, रिअॅक्शनवरचं औषध, अॅड्रेनॅलिन, सुईत भरलं. मांडीपाशी हात थबकला. सासऱ्यांची मांडी! बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"तोक्तोसून!" ती खच्चून ओरडली. "तोक्तोसून, डोळे उघडा!" आणि सुई विजारीवरून थेट मांडीत.

ताई ऑक्सिजन घेऊन धावत आल्या. हळूहळू श्वास मोकळा झाला आणि बाबांनी डोळे उघडले. मेरिम रडतच होती.

"मामंजी, चुकले. नाव घेतलं तुमचं."

"एवढं नावानं कोण बोंबलतंय, ते बघायलाच तर परत आलो, पोरी," बाबा म्हणाले. "फक्त तुझ्या सासूला सांगू नकोस. उद्या तीही सुरू करेल."

मित्रांनो, जुना झालो म्हणून माझी कीव करू नका. मला रोज मरू द्या. लाजायचं, अडखळायचं, चुकायचं, ते सगळं माझ्यापाशी उरकून घ्या.