कोरडी बाटली

व्हिडिओ चार मिनिटांचा होता. अहवालाला जोडण्याआधी नीट दिसतोय ना, एवढंच पाहण्यासाठी फरहाने तो लावला. तिसऱ्या मिनिटाला तिने तो थांबवला, थोडा मागे नेला आणि पुन्हा पाहिला.

पडद्यावर तिचाच हात होता. काचेची बाटली नाल्याच्या पाण्याने अर्धी भरली, गोल फिरवली, ओतून दिली. एकदा, दोनदा, तीनदा. मग भरून झाकण लावलं.

बाकीच्या बाटल्या अशाच विसळायच्या असतात. तेल तपासायची बाटली नाही. तेल काचेला धरून बसतं. तीन वेळा विसळलं की तीन पाण्यांचं तेल आत राहतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. हे ती स्वतः इतरांना शिकवत आली होती. पण काल नाल्यात उभं राहिल्यावर हाताने आपल्या सवयीने काम केलं. "तीनदा खंगाळल्याशिवाय भांडं पाक होत नाही," हे अम्मीचं वाक्य ऐकतच तो हात मोठा झाला होता.

आकडा आला होता लिटरमागे तेरा पूर्णांक सहा मिलिग्रॅम. मर्यादा दहाची.

नवे नियम आल्यापासून सरकारी निरीक्षकांच्या जोडीला नोंदणी केलेले खासगी लेखापरीक्षकही कारखान्यांचं पाणी तपासू लागले होते. पनवेलमध्ये छोटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या फरहाने परीक्षा देऊन नोंदणी मिळवली होती. तळोज्याचा हा कारखाना तिच्या वाट्याला आला तो गुणाबाईंच्या तक्रारीवर. खाडीत मासे धरणाऱ्या या बाईंच्या आधीच्या दोन तक्रारी 'दोष आढळला नाही' म्हणून बंद झाल्या होत्या. ही तिसरी. अहवाल उद्या दुपारी बारापर्यंत पोर्टलवर चढवायचा होता. बाकी सगळे आकडे मर्यादेत होते. तक्रार तगून होती ती या एका आकड्यावर.

व्हिडिओत तिच्यामागे उभा असलेला कारखान्याचा सत्यजीत मोबाइलमध्ये पाहत होता. त्याला काही कळलं नव्हतं. पोर्टलवर व्हिडिओ कोण इतक्या बारकाईने पाहणार?

फोन वाजला. सत्यजीतच होता.

"मॅडम, रिझल्ट आला असेल ना?"

"अहवालात कळेल."

"अहो, एक हिंट तरी द्या. साहेब माझ्या डोक्यावर बसलेत."

"त्यांना खाली बसायला सांगा," फरहा म्हणाली आणि फोन ठेवला. मस्करी जिभेवर आपोआप आली होती.

तिने घड्याळ पाहिलं. अडीच. गुणाबाईंनी लेखी दिलं होतं की चारच्या सुमारास पाळी बदलते, टाक्या धुतात, आणि तेव्हाच पाणी चिकट येतं. तिने कपाटातून धुऊन वाळवलेली बाटली काढली, उजेडात धरून पाहिली, पिशवीत ठेवली. मग गुणाबाईंना फोन लावला आणि घडलं ते सरळ सांगितलं.

पलीकडे वारा वाहत होता.

"म्हंजे माझा अर्ज गेला?"

"पहिला नमुना गेला. आज परत घेते."

"आकडा वर आला हाय ना? मंग टाक की गो तसाच! आमी चिकट जाली घासून घासून हात सोललं. ते खोटं लिवतात तवा कोन इचारतं?"

"चूक माझी आहे, गुणाबाई. तसाच टाकला तर तो खोटाच."

"तुजा खरा-खोटा आमच्या खाडीला काय कामाचा? तो सायब नला बंद करील नि तुज्या बाटलीत गोडा पानी भरील."

हे खरं होतं. नमुना घेताना कारखान्याचा माणूस हजर हवा, त्याची सही हवी. सही नसेल तर नमुना बाद. म्हणजे सत्यजीतला बोलवायला हवं, आणि बोलावलं की तो आत फोन करणार.

"तुम्ही नाल्यातल्या पाइपाच्या तोंडाशी या," फरहा म्हणाली. "पावणेचारला."

रस्त्याला टँकरांची रांग होती. गाडी सरकेना. साडेतीन झाले, मग तीन चाळीस. कारखान्याच्या मागच्या कुंपणाजवळ तिने गाडी लावली तेव्हा तीन त्रेपन्न झाले होते. गुणाबाई साडीचा काष्टा खोचून काठावर उभ्या होत्या. त्यांनी फरहाकडे पाहिलं नाही. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग सरकत होता.

फरहाने फोन लावला. "मी पाइपापाशी आहे. कालचा तेलाचा नमुना माझ्या चुकीने बाद झालाय. आत्ता परत घ्यायचाय, तुम्ही या."

"आत्ता? मॅडम, उद्या अकराला करू ना, चहा-बिहा घेऊन..."

"आला नाहीत, तर हजर राहायला नकार दिला असं लिहीन."

सात मिनिटांनी तो धापा टाकत आला. तिच्या हातातली बाटली पाहून थोडा हसला. "चूक झाली म्हणजे आधीचं कॅन्सल, बरोबर?"

"बरोबर. तसं लिहून देईन."

"मग एक कॉल करतो हं," म्हणत तो चार पावलं मागे सरला. हळू बोलला, तरी 'व्हॉल्व्ह' हा शब्द ऐकू आला.

गुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "झाला. केला बंद."

फरहाने घड्याळ पाहिलं. पहिल्या भेटीत तिने आतल्या शेवटच्या टाकीत संत्र्याची साल टाकून पाहिली होती. ती पाइपाच्या तोंडाशी यायला बारा मिनिटं लागली होती. आत आता काहीही बंद करा, येणारं पाणी बारा मिनिटांपूर्वीचंच होतं.

ती पाण्यात उतरली. बाटली प्रवाहाला धरली. मनगटाला विसळायची ओढ लागली, आणि तिने ती ओढ जाणवू दिली, हात मात्र हलू दिला नाही. एका दमात भरली, तेल टिकून राहावं म्हणून आम्ल टाकलं, झाकण लावलं, मोहोरबंद केली.

"सही," ती म्हणाली.

सत्यजीत पाइपाकडे पाहत होता. धार तशीच जाड होती. "अजून कशी येतेय?" तो पुटपुटला.

"येईल अजून थोडा वेळ. सही."

त्याने पेन घेतलं. बाटलीच्या चिठ्ठीवरची वेळ दोनदा वाचली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने द्रावक घालून तेल वेगळं काढलं, मग तो द्रावक उडवून दिला, फ्लास्क थंड केला, तोलला. मग परत तोलला. अकरा पूर्णांक दोन.

अहवालात तिने दोन्ही आकडे लिहिले. पहिल्यापुढे: 'बाद. नमुना घेणाऱ्याने बाटली विसळली.' त्याखाली स्वतःचा नोंदणी क्रमांक. या ओळीवरून तिला नोटीस येऊ शकत होती, काही महिने नोंदणीही थांबू शकत होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने अहवाल चढवला.

मग गुणाबाईंना फोन केला.

"किती?"

"अकरा पूर्णांक दोन."

"कमी झाला."

"कमी झाला. पण दहाच्या वर आहे."

"मंग चालंल?"

"अर्ज बंद होणार नाही. आता कारखान्याला सुनावणीला बोलावतील."

पलीकडे कुणीतरी जाळं झटकत होतं. "नि तुला?" गुणाबाईंनी विचारलं.

"मलाही बोलावतील."

"कवा तां सांग. मी येतंय तुज्यासंगती," गुणाबाई म्हणाल्या. "हाफिसात बसायची मला सवय हाय."